गाडीला दार कुठून?

गेल्या रविवारी सकाळी धाकटे दीर नव्या घराचा नकाशा घेऊन आले. पोह्यांच्या बशा यायच्या आधीच त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला. एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर माझ्या चष्म्याचं घर, उरलेल्या दोन कोपऱ्यांवर स्वतःचे तळवे ठेवून म्हणाले, “वहिनी, इंजिनिअरनं सगळं बसवून दिलंय, खरं कायतरी चुकल्यागत वाटतंय. तुम्ही बघा.”

प्लॉट तीस बाय चाळीसचा. म्हणजे बाराशे चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, त्यामुळे गुंठ्याहून थोडासाच मोठा. दोन्ही बाजूंना घरं, मागं घर, रस्ता फक्त पुढं. दोन्ही अंगांना तीन-तीन फूट सोडले की घराला रुंदी उरते चोवीस फूट. त्यातले अकरा फूट गाडीला. उरलेल्या तेरा फुटांत हॉलची खिडकी. मुख्य दार आत, गाडीच्या शेवटच्या टोकाला. म्हणजे गाडी घरी असली की आल्यागेलेल्यानं भिंतीला पाठ घासत, पोट आत ओढून दारापर्यंत जायचं. दीर तसे अंगानं बारीक आहेत, त्यांचं भागेल. आमच्याकडचे बाकीचे पाहुणे माझ्या डोळ्यांसमोर आले.

मी नकाशावर बोट फिरवत राहिले आणि शेवटी विचारलं, “आत्या कुठं बसायच्या?”

“हॉलमध्ये की. टीव्हीसमोर मोठा सोफा घालणार आहे.”

“तसं नव्हे. संध्याकाळच्या कुठं बसायच्या?”

दीर गप्प झाले. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. वर्षातले तीन-चार महिने त्या धाकट्याकडं असतात, त्यामुळे प्रश्न त्यांच्याही घराचा होता. त्या शेजारीच लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हातातली पाकळी मात्र सोलून झाली तरी सोलतच राहिल्या.

हा प्रश्न मी विचारावा, हे तसं विनोदीच होतं. कारण आमच्या घरातली त्यांची बसायची जागा मीच मोडली होती.

आमचं घर सासऱ्यांनी १९९४ साली बांधलं. चाळीस बाय साठ, कोपऱ्यावरचा प्लॉट. पुढं पूर्वेला तीस फुटी रस्ता आणि दक्षिणेला वीस फुटी बोळ. तेव्हा आमच्या वसाहतीत स्कूटर हेच मोठं वाहन. ती पायरीशेजारी तिरकी उभी राहायची. सासऱ्यांनी नकाशात गाडीचा विचारच केला नव्हता. केला होता तो कट्ट्याचा. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना शहाबादी फरशीचे दोन कट्टे. एक लहान, चपला ठेवायला. दुसरा सात फूट लांब, पाठ टेकायला भिंत असलेला. समोर तुळस आणि तुळशीपुढं रांगोळीपुरतं अंगण.

मोठ्या कट्ट्यावर दुपारी चारनंतर दोघींचा हक्क. एक आमच्या आत्या आणि दुसऱ्या समोरच्या घरातल्या अक्का. अक्का बैलहोंगलकडच्या, आत्या खानापूर तालुक्यातल्या. एकीचं मराठी मोडकं, दुसरीचं कन्नड मोडकं, आणि बोलणं मात्र अखंड. अक्का रस्ता ओलांडता ओलांडताच विचारायच्या, “चा आतेन्री?” आणि आत्या मराठीत म्हणायच्या, “झाला की, बसा.” कुणाच्या सुनेचं काय चाललंय, शेंगाची चटणी कुणाची चांगली, यल्लम्माच्या डोंगराला यंदा कधी जायचं, सगळं त्या कट्ट्यावर ठरायचं. अक्कांची सून त्यांना ‘अत्ती’ म्हणते, मी आमच्यांना ‘आत्या’. हाक मारली की कधी कधी दोघी एकदम ‘ओ’ द्यायच्या. भाषेचे तास मी कॉलेजात घेते, पण माझ्या मुलीचं कन्नड शिकणं झालं ते त्या फरशीवर, दोघींच्या मध्ये बसून भुईमुगाच्या शेंगा फोडताना.

२०१२ साली मी गाडी घेतली. कॉलेज घरापासून नऊ किलोमीटर. आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. स्कूटीवरून दोनदा आडवी झाल्यावर घरातल्यांनीच गाडीचा आग्रह धरला. पहिले काही महिने ती रस्त्यावर उभी राहिली. उन्हानं डॅशबोर्ड तापायचा, एकदा टेम्पोनं आरसा नेला, आणि क्रिकेट खेळणाऱ्या पोरांवर ओरडणारी बाई म्हणून माझी ख्याती झाली. मग गाडी आत घ्यायचं ठरलं.

इंजिनिअरनं तेव्हाही विचारलं होतं, “मॅडम, कॉर्नर प्लॉट आहे. बोळातून, बाजूनं गेट काढू या काय? पुढचं आहे तसं राहील.” मी नको म्हटलं. कारण लिहायला लाज वाटते, पण लिहिते. एवढे हप्ते भरून घेतलेली नवी गाडी मागं बोळात, न्हाणीघराच्या शेजारी कोण लावतं? ती दिसायला नको का?

गाडी पुढं घ्यायची तर मोठा कट्टा आड येत होता. आत्यांना विचारलं. म्हणजे विचारलं असं म्हणायचं, सांगितलंच. त्या म्हणाल्या, “काढा की. मला काय, मी आत बसीन.” गवंड्याला कट्टा मोडायला दोन दिवस लागले. जुन्या लोकांनी बांधकाम चांगलं केलं होतं. शहाबादी फरशी मात्र अख्खी निघाली, ती परड्यातल्या भिंतीला टेकवून ठेवली.

त्यानंतर अक्का यायच्या, पण उभ्या राहायच्या. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्या काढून ठेवल्या. पण समोर तापलेलं बॉनेट, नाकात पेट्रोलचा वास आणि रस्त्याकडं पाठ, अशा जागी किती वेळ बसणार? कट्ट्यावर बसलं की भाजीवाला, पोस्टमन, शाळेतून येणारी पोरं सगळी दिसायची. खुर्चीवर बसलं की दिसायचा तो गाडीचा नंबर. हळूहळू आत्या खरंच आत बसू लागल्या. मालिका लागल्या. आम्हाला वाटलं, वय झालं.

२०१६च्या जानेवारीत एका सकाळी मी दहाच्या तासाला उशीर झाला म्हणून घाईनं गाडी मागं घेत होते. पुढच्या गेटातून थेट रस्त्यावर मागं यायचं म्हणजे दोन्ही बाजूंचे कंपाउंडचे खांब नजर अडवतात. मान वळवून तुम्ही एका बाजूला बघता, तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं माणूस आलेलं असतं. अक्का हातात वाटी घेऊन आमच्याकडं येत होत्या. गाडी त्यांना लागली नाही. पण त्या दचकून मागं सरल्या, पडल्या, आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. अक्का स्वतःच माझी समजूत काढत होत्या, “इर्ली बिडव्वा,” असू दे ग म्हणत होत्या. आत्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. रोज अकरा वाजता भाकरीचा डबा घेऊन त्या रस्ता ओलांडायच्या, तेवढंच. त्या सहा आठवड्यांत मी गाडीकडं ज्या नजरेनं पाहिलं, तसं आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास नणंदेच्या मुलानं अमेरिकेत घर घेतलं आणि फोटो पाठवले. शहराबाहेरची वसाहत, पुढं हिरवळ. मी विचारलं, “अरे, गाड्या कुठं ठेवता?” तो म्हणाला, “मामी, साइड एन्ट्री गॅरेज आहे.” आत्यांनी ‘गॅरेज’ एवढंच ऐकलं आणि काळजीनं विचारलं, “नोकरी गेली काय त्याची?” आपल्याकडं गॅरेज म्हणजे ऑइलनं काळं झालेलं पोर, टायरची चळत आणि ‘चार वाजता या’ हे वाक्य! गाडी दुरुस्त करायची जागा. ठेवायची जागा ती पोर्च, नाहीतर शेड. हा ‘पोर्च’सुद्धा मूळचा साहेबाच्या बंगल्याचा. बग्गी एका फाटकातून यायची, पोर्चखाली माणसं उतरायची आणि बग्गी दुसऱ्या फाटकातून निघून जायची. ती तिथं मुक्कामाला नसायची. घोडे आणि बग्गी मागच्या बाजूला. आपण पोर्च घेतला आणि गाडीला तिथंच वस्तीला ठेवलं.

भाच्यानं सांगितलं, त्यांच्याकडंही आधी गाडीची खोली घराच्या मागं वेगळी असायची, तबेल्यासारखी. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली तशी ती घराला चिकटली आणि पुढं पुढं येत गेली. इतकी, की घराच्या तोंडावर दोन गाड्यांचं शटर आणि माणसांचं दार कुठंतरी खाली दबलेलं. अशा घरांना तिथले लोक चेष्टेनं ‘स्नाउट हाऊस’ म्हणतात. स्नाउट म्हणजे डुकराचं नाकाड. ऑरेगनमधल्या पोर्टलंड शहरानं १९९९ साली अशा घरांवर नियमानं बंधन आणलं. ज्यांना परवडतं ते दार बाजूला घेतात. गाडी घराच्या कडेनं आत येते, काटकोनात वळते आणि आत जाते. रस्त्यावरून दिसते ती खिडकी आणि ओसरी. पण त्यासाठी दारासमोर वळायला मोकळी जागा लागते, प्लॉट रुंद लागतो, काँक्रीट जास्त ओतावं लागतं, आणि जिथं बर्फ पडतो तिथं तेवढा जास्त बर्फ उपसावा लागतो. “कोपऱ्यावरचा प्लॉट असेल तर मात्र काहीच नाही मामी, बाजूच्या रस्त्यानं सरळ आत,” तो म्हणाला.

आमचा प्लॉट कोपऱ्यावरचाच होता! काही वर्षांपूर्वी इंजिनिअरनं हेच सांगितलं होतं. ते अमेरिकेहून आल्यावर पटलं, हा भाग वेगळा.

२०१८च्या उन्हाळ्यात काम काढलं. गाडी मागच्या कोपऱ्यात, गेट बोळात. म्हणजे पुढचं अंगण सुटलं, पण परडं निम्मं जाणार होतं. अळू, कढीपत्ता, केळीची दोन खुंटं, मोगरा. मला वाटलं, आत्या याला नक्की नाही म्हणतील, परडं त्यांनी हातानं केलेलं. मी म्हटलं, “तुमचं अळू जाईल हो.” त्या म्हणाल्या, “जाऊ दे. अळूला कन्नड येतंय होय?”

बाजूच्या गेटाचं आमचं सगळं गणित पहिल्यांदा चुकलं. ते सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. मापं समजून घ्यायला हवीत. १९८३च्या अखेरीस रस्त्यावर आलेली आणि २०१४ साली बंद झालेली ती छोटी मारुती ८०० अकरा फुटांहून किंचित कमी लांब आणि पावणेपाच फूट रुंद होती. जुन्या घरांची पोर्च तिच्या अंगाची, म्हणून आजच्या गाडीचं शेपूट गेटाबाहेर राहतं. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना अबकारी कर कमी केला, तेव्हापासून आपल्या मध्यमवर्गी गाड्या त्या मापाला चिकटून असतात. चार मीटर म्हणजे तेरा फूट दीड इंच. रुंदी साधारण साडेपाच ते पावणेसहा, आरसे वेगळे. दारं उघडून माणूस उतरायचं तर दहा फूट रुंदी आणि पुढंमागं चालायला धरून सोळा फूट लांबी हवीच.

पण बाजूनं आत येताना खरा प्रश्न जागेचा नसतो, वळण्याचा असतो. छोट्या गाडीलाही वळायला पंधरा-सोळा फुटांची त्रिज्या लागते. आमचा बोळ कागदावर वीस फुटांचा, पण दोन्हीकडची गटारं आणि लोकांच्या मोटारसायकली सोडल्या की चौदा. आम्ही गेट केलं नऊ फूट. गाडी दहाची, गेट नऊचं, बास झालं की, असा हिशेब. पहिले दोन महिने मी रोज तीनदा पुढंमागं करत होते. डावा आरसा खांबानं खाल्ला. शेवटी खांब फोडून बारा फुटांचं केलं आणि कोपरा तिरका कापला. बोळ जितका अरुंद, गेट तितकं रुंद. गेट आत उघडलं तर गाडीला आपटतं, बाहेर उघडलं तर बोळ अडतो, म्हणून सरकतं केलं. पण सरकत्या गेटाला सरकायला तेवढीच बारा फूट भिंत लागते, हे लोखंडवाल्यानं माप घ्यायला आल्यावर सांगितलं. आणि गेट कोपऱ्यापासून जेवढं लांब जमेल तेवढं लांब घ्यावं. रस्त्यावरून भर्रकन बोळात वळणाऱ्याला तुमची गाडी निघतेय हे दिसायला वेळ मिळाला पाहिजे.

तोटे एवढ्यावर संपत नाहीत. दक्षिणेच्या अंगानं पाऊस तिरका आत येतो, गेटाची खालची पट्टी तिसऱ्या वर्षी गंजली. आमच्याकडची जमीन काळी, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जाडी कमी धरलेला कोबा दोन वर्षांत तडकला. गाडी सुरू केली की धूर स्वयंपाकघराच्या खिडकीत. तीन बाजूंनी उघडं आहे म्हणून भागतं. कुणी शटर लावून बंद खोली करत असेल तर आत गाडी चालू ठेवून क्षणभरही थांबू नये. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही की वास नाही, कळेपर्यंत उशीर झालेला असतो. परड्याजवळ गाडी म्हणजे उंदरांना पर्वणी, पावसाळ्यात एकदा वायरी कुरतडून गाडी जागची हलेना. रात्री दोन गेटं, दोन कुलपं. अंथरुणाला पाठ टेकली की यांचा ठरलेला प्रश्न, “मागचं गेट लावलं काय?” लावलेलं असतं, तरी कुणीतरी उठतंच. आणि बोळात गेटासमोर हटकून कुणाची तरी गाडी उभी. मी ‘गेटसमोर वाहन लावू नये’ अशी पाटी मराठीत आणि कन्नडमध्ये सुवाच्य अक्षरात करून लावली आहे. दोन्ही भाषांतले लोक सारख्याच प्रेमानं तिच्याकडं दुर्लक्ष करतात.

एक चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. गेटासाठी गटारावर उतार केला आणि खाली सहा इंची पाइप टाकला. सगळेच टाकतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये जो पूर आला, तो कुणी विसरलेलं नाही. त्या रात्री पाइप पालापाचोळ्यानं आणि प्लास्टिकनं तुंबला, बोळातलं पाणी फुगलं आणि पलीकडच्या घरात शिरलं. तिथं हातमागाचं सामान विकून निवृत्त झालेलं जोडपं राहतं. त्यांची तांदळाची दोन पोती भिजली, कपाटाचा खालचा कप्पा गेला. पूर आम्ही आणला नव्हता, पाणी तसंही आलंच असतं, असं आमचे हे म्हणत होते. पण पहाटे गुडघाभर पाण्यात उभं राहून आमचा पाइप मोकळा केल्यावर पाणी कसं सरसर उतरलं, ते आम्ही दोघांनी पाहिलं होतं, आणि त्या काकांनीही. पुढं आम्ही तो उतार फोडला आणि गटारावर उचलता येणारी लोखंडी जाळी बसवली. पोत्यांचे पैसे काकांनी घेतले नाहीत. अजून बोलतात, पण आधी बोळातून जाताना थांबायचे, आता थांबत नाहीत. पुढचं अंगण वाचवताना ज्याच्या दारात आपण गेट काढतो, त्याला विचारायचं असतं. नियमात बसतं की नाही हा पुढचा प्रश्न.

आणि पुढचं अंगण? परड्यातली शहाबादी फरशी पुन्हा पुढं आली. गवंडी म्हणाला, नवी ग्रॅनाइट घाला, चमकेल. आत्या म्हणाल्या, ग्रॅनाइट थंडीत चावतंय. सात फुटांचा कट्टा पुन्हा झाला. अक्का पहिल्या दिवशी आल्या, हातानं फरशी झटकली आणि बसल्या. मध्ये सहा वर्षं गेली होती. दोघींनाही आता गुडघ्यांमुळे दीड फूट उंची कमी पडते, म्हणून पुढच्या वर्षी वर एक थर चढवला. मुलगी आता कॉलेजात आहे. सुट्टीत आली की अजून मध्ये जाऊन बसते.

माझं माहेर चिकोडीकडचं. दिराशी बोलताना मला तिथलं आजोळचं घर आठवत होतं. गाडी पुढच्या दारी नको असं आपल्या जुन्या घरांनी कधी म्हटलेलं नाही. त्या घरात बैलच पुढच्या दारातून आत येत. मोठं दार, आत डाव्या हाताला जनावरं, आणि समोर दोन-अडीच फूट उंचीवर सोपा, ज्याला कन्नडमध्ये पडसाले म्हणतात. आजोबा सोप्यावर बसले की खाली बैल, पुढं दार आणि दारातून रस्ता, सगळं नजरेत. बैल पुढं होते, पण त्यांनी माणसाची जागा घेतली नव्हती. शिवाय ते दिवसभर रानात. माझी गाडी चोवीस तासांतला जेमतेम एक तास चालते, बाकी वेळ बसून असते.

दीर म्हणाले, “मग आपणपण बाजूनं घेऊ या की.”

मी त्यांना पेन्सिलीनं काढून दाखवलं. मधल्या प्लॉटला बोळ नाही. आतल्या आत वळवायची तर दारासमोर बावीस-चोवीस फूट मोकळे लागतात. तुमचं अख्खं घरच चोवीस फुटांचं. गाडी वळेल हो, घर कुठं ठेवायचं? तुमच्या प्लॉटवर गाडी पुढंच येणार. मग बाकीचं तरी हलवू. मुख्य दार आतून उचलून हॉलच्या पुढच्या भिंतीत आणायचं. माणसांना वेगळं, तीन फुटी छोटं गेट. खिडकीखाली सहा फुटांचा कट्टा. रस्त्याकडचे कंपाउंडचे खांब छातीएवढेच, त्याहून उंच नाहीत, म्हणजे मागं घेताना माणूस दिसतं. यासाठी हॉलची लांबी तीन फुटांनी कमी होते.

“तीन फूट?” दिरांनी पुन्हा नकाशावर तळवे ठेवले. “सोफा बसणार नाही वहिनी. सोफ्याला ॲडव्हान्स दिलाय.”

जाऊबाईंना फोन लागला. जाऊबाई म्हणाल्या, सोफा बदलता येतो, पण खिडकीखाली कट्टा केला तर रस्त्यावरची माणसं खिडकीतून आत बघणार. हेही खरंच आहे. आमच्याकडं खिडकी उंच आहे, म्हणून मला सुचलं नव्हतं. मग खिडकी सरकवायची का, कट्टा गाडीच्या बाजूला घ्यायचा का, तुळस कुठं, असं अर्धा तास फोनवर चाललं. पोहे गार झाले. इंजिनिअरला विचारावं लागणार, आणि त्याचे सुधारित नकाशाचे पैसे वेगळे.

शेवटी असं ठरलं की कागद पुरे झाला. येत्या रविवारी प्लॉटवर जायचं, फक्कीनं जागेवर आखायचं, माझी गाडी त्या रेघांत उभी करून बघायची, दारं उघडून बघायची, आणि मग बोलायचं. आत्यांनी लसणाचं ताट बाजूला सारलं.

“मीपण येतो,” त्या म्हणाल्या. “आणि स्टूल घ्या बरोबर. अक्कांनाबी विचारतो, येत असतील तर.”